मंत्र्यांच्या दारातली बुरुलचा एजे

बुरुलचा एजेनं एकोणीस आरोग्यमंत्री पाहिले. टीव्हीवर नव्हे. त्यांच्या दालनाबाहेरच्या खोलीत बसून, त्यांचे हुकूम टाइप करून, त्यांच्या चहात लिंबू घालायचं की दूध हे लक्षात ठेवून. आमच्या मंत्रालयात मंत्र्यांना पाठीमागे नावानं कुणी संबोधत नसे. 'सहाव्याच्या वेळचा कागद', 'अकराव्यानं आणलेली खुर्ची' असं चालायचं. ही मोजणी एजेचीच. एजे म्हणजे थोरली बहीण, सगळे तिला तसंच म्हणत. ती कामाला लागली तेव्हा जो होता तो पहिला. तो अकरा वर्षं टिकला. दुसरा सोव्हिएत राज्य मोडेपर्यंत होता. त्यानंतर मात्र माणसं अशी बदलू लागली की दारावरची पाटी लावणारा सुतार खिळे ठोकतच नसे, नुसती अडकवून ठेवायचा.

मी सातव्याच्या वेळी लागले. मला एजेच्या समोरचं टेबल मिळालं. त्या टेबलाचं काम म्हणजे देशभरातून आरोग्यमंत्र्यांच्या नावे येणारी पत्रं फोडायची, नोंदवायची आणि उत्तरं तयार करायची. एजे तेव्हा चाळिशीत होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोक्याला कायम तपकिरी रुमाल. पहिल्याच दिवशी तिनं मला उत्तराचा नमुना दिला.

"हे बघ बेगिमाय, तीन परिच्छेद. पहिल्यात, तुमचा अर्ज लक्षपूर्वक वाचला. दुसऱ्यात, उपलब्ध साधनांच्या मर्यादेत विचार करू. शेवटी, आपणांस उत्तम आरोग्य लाभो."

"आणि खरंच कुणाचं काम होत असेल तर?"

"तर पत्र लागत नाही. फोन येतो," ती म्हणाली आणि मला बोरसोकची पुरचुंडी पुढे केली. बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले छोटे गोळे, ते ती रोज घरून आणायची, कारण बाहेरच्या बाकांवर बसलेली माणसं पहाटेच्या गाड्यांनी उपाशी आलेली असत.

एजेचं गाव सारी-बुलुंग. ताश-आशूच्या घाटापलीकडे, ऐंशी उंबऱ्यांचं. तिथल्या लोकांच्या मनात आरोग्यमंत्री म्हणजे काय, याची एक ठाम कल्पना होती आणि ती एजेच्या वडिलांपासून आलेली. ते दहा वर्षांचे असताना गावात देवी आल्या होत्या. तेव्हा नव्या सरकारचा पहिलावहिला आरोग्याचा प्रमुख, ज्याची तसबीर आमच्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यात आधी लागलेली आहे, पांढरी लोकरी टोपी घालून स्वतः घोड्यावरून घाट उतरून आला. दोन दिवस मशिदीच्या ओट्यावर बसून त्यानं पोरांना लस टोचली. एजेचे वडील मरेपर्यंत दंडावरचा वण दाखवायचे. "हा मंत्र्याच्या हातचा आहे," म्हणायचे. त्यामुळे गावाच्या लेखी मंत्री म्हणजे बोलावलं की येणारा माणूस. आणि त्याच्या दारात आपली बुरुलचा बसलेली!

मग काय विचारता. एजेच्या दोन खोल्यांच्या घरात मी कधी पाहुणा नाही असं पाहिलं नाही. कुणी एक्स-रेची गुंडाळी घेऊन, कुणी खोकणाऱ्या सासऱ्याला घेऊन, कुणी अख्खी मेंढीची मांडी घेऊन. ती त्यांना इस्पितळात न्यायची, रांगेत उभी राहायची, ओळखीच्या डॉक्टरणींना गयावया करायची. लोकांना वाटे मंत्र्यानं चिठ्ठी दिली. "मंत्र्याला आमचा सलाम सांग हं," असं म्हणून ते परत जात. ती "सांगते" म्हणायची. एवढ्यापायी तिनं लग्न केलं नाही असं मी म्हणणार नाही, पण तिला सवड मिळाली नाही हे खरं.

सारी-बुलुंगला पूर्वी एक लहानसा दवाखाना होता. तिथे मारिया नावाची फेल्डशर होती. फेल्डशर म्हणजे कंपाउंडरपेक्षा मोठी, डॉक्टरपेक्षा लहान. तिनं तीस वर्षं गावातली बाळंतपणं केली. सोव्हिएत राज्य गेलं तशी तीही मुलाकडे रशियाला गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही. दोन हिवाळ्यांत दवाखान्याचं छप्पर बसलं आणि लोकांनी दारं-खिडक्या जळणाला नेल्या. तेव्हापासून गावाचं पत्र दर वर्षी येई. एजेचा धाकटा भाऊ जुमाश गावचा मुखिया होता, तो शाळामास्तरांकडून लिहून घ्यायचा. सन्माननीय आरोग्यमंत्री महोदय, आम्हाला एक फेल्डशर, एक छप्पर आणि घाटात चालेल अशी एक गाडी द्यावी. पत्र एजेच्या टेबलावर यायचं. त्याचं उत्तर ती स्वतः लिहीत नसे, मला लिहायला सांगायची. पण फाइल मात्र दर वेळी स्वतः आत न्यायची.

सहाव्यानं सही केली होती. हे मला तिनं सांगितलं. संध्याकाळी सही झाली, सकाळी हुकमावर नंबर पडून शिक्का बसायचा होता. सकाळी लोक रस्त्यावर उतरले, सरकार पडलं, जमाव आमच्या इमारतीत शिरला, कॉम्प्युटर आणि गालिचे घेऊन गेला. तो कागद एजेनं जमिनीवरून उचलला. त्यावर बुटाचा ठसा होता. सातव्याला तिनं तो दाखवला, तर तो म्हणाला, "जुन्या सरकारच्या सहीवर मी शिक्का मारला तर उद्या मला तुरुंगात घालतील." तो खोटं बोलत नव्हता. तेव्हा दिवसच तसे होते.

दहावा सर्जन होता. उंच, हाताची बोटं लांब. मोठ्यानं हसायचा. एके दिवशी फाइलवर सही करता करता त्यानं कॉरिडॉरमधल्या त्या पहिल्या तसबिरीबद्दल विचारलं, आणि एजेनं घोड्याची गोष्ट सांगितली. त्यानं पेन खाली ठेवलं.

"मग आपणही जाऊ. जुलैत घाट मोकळा असतो ना?"

"घोड्यावर?" एजे चक्रावली.

"घोडा मला झेपणार नाही. जीपनं जाऊ."

आणि खरंच गेला. मीही बरोबर होते, टिपणं घ्यायला. गावानं मेंढा कापला, पाहुण्याच्या पुढ्यात मानाचं मुंडकं ठेवलं, कुमीसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कातडी पिशव्या उघडल्या. मंत्र्यानं जेवण बाजूला सारलं, शाळेच्या वर्गात बाक जोडले आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत माणसं तपासली. एका म्हातारीच्या पायातलं गळू त्यानं तिथेच फोडलं. ती त्याला शिव्या घालत होती आणि तो हसत होता. निघताना तो म्हणाला, "पहिला बर्फ पडायच्या आत इथे दवाखाना उभा राहील." जुमाशनं त्याला मिठी मारली. मग तो बहिणीकडे वळला. त्याचे डोळे भरलेले होते. "एजे, बाबा असायला हवे होते," तो म्हणाला.

ऑक्टोबरात दहावा गेला. औषधखरेदीच्या कुठल्याशा कंत्राटावरून त्याचं वरच्यांशी वाजलं, एवढंच आम्हाला कळलं. तो मागच्या जिन्यानं उतरला, हातात पुठ्ठ्याचा खोका. एजे त्याचा कोट घेऊन धावली. तो म्हणाला, "बुरुलचा, तुझ्या गावाला सांग की..." मग कोट घातला आणि निघून गेला. त्या दिवशी सारी-बुलुंगला बर्फ पडत होता.

गावाला हे पटलं नाही. एवढा चांगला माणूस, एवढा स्पष्ट शब्द, मग दवाखाना का नाही? याचा एकच अर्थ लागत होता. बुरुलचानं मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी गावचं कुणी आलं नाही. एजे जुमाशच्या सासऱ्याच्या मयताला गेली तेव्हा सगळं तिच्या कानावर आलं. चुलीपाशी बायका बोलत होत्या, "तिला काय, तिथे पायरीवर डॉक्टर. गावाशी देणंघेणं उरलंय कुठं?" मला हे सांगताना एजे हसत होती. पण त्या आठवड्यात तिनं बोरसोक आणले नाहीत.

चौदावा परदेशी शिकून आलेला, तरुण, नम्र. त्यानं भिंतीवर देशाचा नकाशा लावला आणि टाचण्या टोचल्या. पाचशे माणसांना एक दवाखाना, असा नियम त्यानं आणला. नियमात वाईट काही नव्हतं, पैसाच तेवढा होता. एजेनं सारी-बुलुंगची फाइल ठेवली. त्यानं आकडा पाहिला.

"चारशे बारा. एजे, अठ्ठ्याऐंशी माणसं कमी पडतात."

"पण दवाखान्याचं दुसरं गाव घाटाच्या पलीकडे आहे, साहेब. हिवाळ्यात चार महिने वाट केव्हा बंद पडेल सांगता येत नाही."

"मला समजतंय हो. पण एका गावासाठी वाकवला तर तो नियम कसला?" तो खरोखर कष्टी दिसत होता.

एजेनं जुमाशला फोन करून हे सांगितलं. फोनवरून त्याचं हसणं मलाही ऐकू आलं. "अठ्ठ्याऐंशी होय! मग त्या मंत्र्याला म्हणावं, पोरं जन्माला घालायला तरी डॉक्टर पाठव. बाकीचं आम्ही बघतो."

जुमाशच्या मुलाचं, तालायचं, लग्न त्याच सुमारास झालं. सून नाझिक. सडपातळ, बोलकी, शाळेत पोरांना गाणी शिकवणारी. एकदा राजधानीत आली तेव्हा आमच्या ऑफिसात येऊन गेली. मंत्र्याचं रिकामं दालन तिला बघायचं होतं. टेबलावरचे सहा फोन बघून ती म्हणाली, "एजे, सहा कान लागतात होय या माणसाला?" आम्ही पोट धरून हसलो.

तोवर सतरावा आला होता. लहान मुलांचा डॉक्टर, साठीचा, हळू बोलणारा. त्याला मंत्री व्हायचं नव्हतं असं सगळे म्हणत. त्याच्या वेळी नाझिकला दिवस राहिले. मार्चच्या मध्यावर बाळंतपण होतं. फेब्रुवारीच्या शेवटी तिला घाटापलीकडे जिल्ह्याच्या गावी आणून ठेवायचं, असं एजेनं दोन महिने आधीच ठरवून दिलं होतं. खोलीही बघून ठेवली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घाटात हिमकडा कोसळला. आणि त्यानंतरच्या सोमवारी, दहा वाजून गेले असतील, एजेचा मोबाइल वाजला. आत दालनात बैठक चालू होती. बावीस माणसं, सगळ्या विभागांचे प्रमुख.

सारी-बुलुंगला फोन लागायचा तो फक्त गावामागच्या टेकाडावरून. जुमाश तिथून ओरडत होता. वाऱ्यात त्याचे शब्द फाटत होते. कळा पहाटेच सुरू झाल्या. रक्त जातंय. गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणतात, असं आम्ही पाहिलेलं नाही.

एजे उठली. छत्तीस वर्षांत तिनं जे केलं नव्हतं ते केलं. न ठोठावता दार उघडलं आणि बैठकीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. सतराव्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला.

"एजे, काय झालं?"

तिनं मोबाइल पुढे केला.

बावीस माणसं बाहेर आली. मी आत गेले, कारण एजे पडेल असं मला वाटलं. पण ती भिंतीला टेकून उभी राहिली. मंत्री एकेक फोन उचलू लागला. मदतकार्याच्या प्रमुखाला लावला. हेलिकॉप्टर दोन, त्यातलं एक दुरुस्तीला उघडून ठेवलेलं, दुसरं सैन्याच्या ताब्यात. सैन्याला लावला. ते म्हणाले परवानगी देतो, पण वैमानिक म्हणतो घाटावर वारा आहे, ढग खाली आलेत, चढवलं तर तेही पडेल. मंत्री पहिल्यांदा ओरडला. "माणूस मरतंय तिथं!" पलीकडचा माणूस काय म्हणाला कोण जाणे, पण मंत्र्याचा आवाज खाली आला. "हो. तुमची चार माणसं आहेत. कळतंय मला." जिल्ह्याच्या इस्पितळाला लावला. बर्फ सारणारी गाडी आहे, चालक आहे, पण दोन माणूस उंच बर्फ आणि त्यात दगड. उद्या दुपारपर्यंत निम्मा रस्ता होईल. उद्या दुपारपर्यंत.

मग त्यानं सगळे फोन ठेवले आणि एजेचा मोबाइल उचलला.

"जुमाश, ऐक. मी डॉक्टर बोलतोय." 'मंत्री' असं त्यानं म्हटलं नाही. "पोरीचे पाय उंच कर. खाली उशा घाल. अंगावर पांघरूण. तुझ्या बायकोला सांग..."

जुमाश टेकाडावर, घर खाली. तो ऐकायचा आणि ओरडून उतारावर उभ्या तालायला सांगायचा, तालाय धावत घरी जायचा. परत वर यायला त्याला बर्फातून पाच-सहा मिनिटं लागायची. तोवर मंत्री फोन कानाला लावून वाट बघायचा. कधी आवाज जायचा. परत लागेपर्यंत आम्ही तिघं त्या लहानशा पडद्याकडे बघत बसायचो. खिडकीबाहेर राजधानीत लख्ख ऊन पडलं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

एकच्या सुमाराला मूल झालं. मुलगी. रडली, असं जुमाशनं सांगितलं. एजेनं दुवा म्हणत तोंडावरून दोन्ही हात फिरवले. पण मंत्र्याचा चेहरा सैल झाला नाही. "वार पडली का?" तो विचारत होता. "जुमाश, वार पडली का? पोट चोळायला सांग. जोरात. मूल छातीशी लाव, लगेच. बर्फ कापडात बांधून पोटावर ठेव. रक्त किती जातंय? वाटीभर की त्याहून जास्त?" तालाय खाली गेला. वर आला. "जास्त," जुमाश म्हणाला. मग परत, "जास्त."

तीन वाजता मंत्री बोलायचा थांबला. त्यानं सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. जिल्ह्याच्या कुठल्याही दवाखान्यात असलेली, रक्त थांबवणाऱ्या इंजेक्शनची एक बाटली तिथे नव्हती. त्याच्या हुकमाखाली देशात अशा हजारो बाटल्या होत्या.

साडेतीनला जुमाशचा फोन आला तेव्हा तो ओरडत नव्हता. वारा पडला असावा. "एजे, नाझिक गेली," तो म्हणाला.

मंत्री खुर्चीत बसून होता. दोन्ही हात टेबलावर उताणे. तो म्हणाला, "एजे, मी इस्पितळात असतो तर निदान रक्त तरी चढवलं असतं. इथं बसून मी काय केलं?" एजेनं त्याच्यासमोर चहा ठेवला. बाहेर कुणी शिष्टमंडळ ताटकळलं होतं. तो उठला, तोंड धुतलं आणि त्यांना भेटायला गेला.

मध्ये पुन्हा बर्फ पडला, घाट नऊ दिवसांनी मोकळा झाला. एजेला दफनाला जाता आलं नाही. तिनं ते नऊ दिवस ऑफिसात येऊन टाइप केलं. मी घरी जा म्हटलं तर म्हणाली, "घरी काय करू? भिंती बघू?"

मार्चमध्ये सतरावा गेला. स्वतःहून गेला की घालवला, लोक दोन्ही सांगतात. एप्रिलमध्ये सारी-बुलुंगचं पत्र आलं. या खेपेस मास्तरांचं नव्हतं, जुमाशनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. सन्माननीय आरोग्यमंत्री महोदय, माझी सून नाझिक, वय तेवीस, अमुक दिवशी मरण पावली. आमच्याकडे फेल्डशर नाही. एक गेली, एक जन्मली, आमची लोकसंख्या चारशे बाराच आहे. कृपया कळवावे की आम्ही काय करावे. आपला नम्र. बहिणीचा उल्लेख कुठेच नव्हता. जणू तिथे त्याचं कुणी नव्हतंच.

मी म्हटलं, "द्या इकडे, मी उत्तर देते."

"नाही. हे माझं आहे."

दोन दिवस ती त्या कागदाशी बसली. कागदामागून कागद फाडले. एकदा मी वाचलं, तिनं लिहिलं होतं, आम्ही काही करू शकलो नाही आणि पुढेही करू शकू असं दिसत नाही. तो कागद घेऊन ती अठराव्याकडे गेली. अठरावा हिशेबी माणूस, पण दुष्ट नव्हे. त्यानं वाचून मान हलवली.

"एजे, यावर मी सही कशी करू? हे छापून आलं तर?"

"मग तुम्ही सांगा, काय लिहू."

त्यानं पेन उचललं. ठेवलं. "नेहमीचंच लिहा," शेवटी म्हणाला. "माझ्याकडे तरी दुसरं काय आहे?"

तिनं नेहमीचंच लिहिलं. फक्त शेवटचं वाक्य, आपणांस उत्तम आरोग्य लाभो, ते लिहिलं नाही. अठराव्याला ते चुकल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "खाली एक ओळ असते ना?" एजे म्हणाली, "असते." आणि कागदावरून नजर हलवली नाही. त्यानं तशीच सही केली.

जूनमध्ये ती गावी गेली. जुमाश अंगणात मेंढ्यांची लोकर कातरत होता. तो उठला नाही. थोड्या वेळानं घरात जाऊन ते उत्तर घेऊन आला.

"लक्षपूर्वक वाचलं म्हणे."

"जुमाश..."

"सही त्याची आहे. भाषा तुझी आहे. लहानपणापासून ओळखतो मी तुझी भाषा. किती गोड लिहितेस, एजे! इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, मंत्र्याचं उत्तर आलं."

एजे अंगणातच बसली. "मी फाइल दर वेळी आत नेली रे," ती म्हणाली. "एकूण एक वेळी."

"नेली असशील," तो म्हणाला आणि कातर उचलली. मग मेंढीकडेच बघत, "त्या दिवशी फोनवर होता तो डॉक्टर कोण होता?"

"मंत्रीच होता."

जुमाशचा हात थांबला. "स्वतः?"

"स्वतः."

घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. एजे उठून आत गेली. त्या दिवशी तिनं नाझिकच्या मुलीला, सेझिमला, पहिल्यांदा मांडीवर घेतलं.

एकोणिसाव्याच्या वेळी ती निवृत्त झाली. फुलं, प्रशस्तिपत्र, भिंतीवरचं घड्याळ. भाषणात मंत्र्यानं तिचं आडनाव चुकीचं घेतलं, कारण तो येऊन तीनच आठवडे झाले होते. राजधानीतलं घर विकून ती सारी-बुलुंगला गेली, जुमाशच्या घरी. त्यानं तिला ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. सेझिमची वेणी घालणं, शाळेत सोडणं, ती कामं तिनं आपल्याकडे घेतली.

दवाखाना शेवटी झाला. नियम कधीतरी बदलला, आणि बाविसाव्याच्या वेळी कुठल्याशा निधीतून निळ्या पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, एक लोखंडी खाट आणि काचेचं कपाट सारी-बुलुंगला आलं. मंत्र्याला फीत कापायला यायचं होतं, पण त्याच आठवड्यात तो मंत्री राहिला नाही. फेल्डशरची जागा मंजूर आहे, तिची जाहिरात मीच दर वर्षी काढते. एक पोरगी आली होती. एक हिवाळा काढला आणि रडत परत गेली. तिला दोष देऊ नये, विशीची होती.

मागच्या उन्हाळ्यात मी एजेला भेटायला गेले. ती आता जवळजवळ सत्तरीची. दवाखान्याची किल्ली तिच्याकडेच आहे, कारण कुणाकडे तरी हवी. रोज सकाळी जाते, झाडते, शेगडी पेटवते. रक्तदाब मोजायचं यंत्र ती पोरगी सोडून गेली होती, ते चालवायला एजे शिकली आहे. बायका येतात, बाकावर बसतात. एजे दंडाला पट्टा बांधते, आकडा वहीत लिहिते.

मी होते तेव्हा शेजारच्या वाडीवरची एक बाई आली, पोटुशी, सातवा महिना असावा. पाय सुजलेले. एजेनं पट्टा बांधला, यंत्र गुरगुरलं. तिनं आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. मग वहीत लिहिला.

"किती आलं, एजे?" बाईनं विचारलं.

"जास्त आहे."

"मग आता काय करू?"

एजेनं माझ्याकडे पाहिलं. मी मंत्रालयातली, राजधानीहून आलेली. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"बस जरा," एजे तिला म्हणाली आणि चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं. "गुरुवारी दुधाची गाडी घाट उतरते. जागा असेल तर तुला घेऊन जाईल."

त्या दिवशी सोमवार होता.